मुदीवरचा ठसा

कार्तिक वद्य दशमी

तेजस्वीस,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, यावर लेखणी बराच वेळ अडून राहिली. तू बापाच्या दारी आलीस ती आरोग्य खात्याच्या जीपमधून, आणि बापालाच म्हणालीस, "आपले पूर्ण नाव सांगा." मी सांगितले. वय सांगितले. मग हातमोजे चढवून तू कापसाची काडी माझ्या नाकपुडीत फिरवलीस, दुसरी तळहातावरून फिरवलीस, दोन्ही नळ्यांत बंद केल्यास आणि "धन्यवाद" म्हणालीस. तुझ्या सोबतच्या मुलाला आपले नाते ठाऊक नसावे. त्याने मला पेन पुढे केले.

तू ओसरीच्या पायरीपर्यंतच आलीस. हात धुण्यासाठी साबण मागितलास. आपल्या विहिरीवर साबण नसतो, हे तू विसरली असशील असे मला वाटत नाही. साबणात चरबी असते, म्हणून माझे सोवळे त्याला शिवत नाही. तू पिशवीतून स्वतःची बाटली काढलीस आणि मी आत पाणी आणायला गेलो तेवढ्यात जीप निघाली.

देवळामागच्या तळीचे पाणी तू तपासून आणलेस, आणि ते पिण्यास अयोग्य असल्याचे पत्र माझ्या हाती न देता थेट विश्वस्तांच्या हाती दिलेस, तेव्हापासून आपल्यात बोलणे नाही. तळीवर तेव्हा बसलेली जाळी अजून आहे. देवाचे तीर्थ मी घरच्या विहिरीचे नेतो. या विषयावर मला आज काही लिहायचे नाही.

लिहायचे आहे ते तुझ्या प्रश्नावलीविषयी. घाईत माझी उत्तरे त्रोटक गेली. त्रिपुरी पौर्णिमेला शिरा नेहमीप्रमाणे देवळाचा स्वयंपाक पाहणाऱ्या बायजाने रांधला. रवा, तूप, दूध, साखर, आणि शेवटी केळी. केळी शकूने आणली आणि सोलून कुस्करली. कोळीवाड्यातल्या बाईचा हात देवाच्या स्वयंपाकाला लागण्याची ही पहिलीच वेळ, आणि तशी अनुज्ञा मीच दिली होती. तिचा मुलगा विनेश वादळातून होडीसकट परत आला म्हणून तिने लक्ष्मीनारायणाला केळ्यांचा आणि हातच्या सेवेचा नवस केला होता. अशा नवसाला नाही म्हणण्याचा आधार मला कुठे सापडला नाही.

मुदी मी वळल्या. आपल्या देवळात वाटीने मूद पाडत नाहीत, हे तू जाणतेस. सेवेकऱ्याने तळहाताने मूद वळावी आणि तिच्यावर पाच बोटांचा ठसा उमटवावा. लोक ठसा आधी खातात. सकाळी वळलेल्या मुदी केळीच्या पानांखाली झाकून ठेवल्या. कीर्तन लांबले. प्रसाद दुपार कलताना वाटला गेला आणि दिवे लागायच्या आत घराघरांतून ओकाऱ्यांचा आवाज येऊ लागला. बाबाजीशेटच्या नातवाला, प्रज्योतला, अलिबागला नेऊन सलाईन लावावी लागली. तो आता बरा आहे. सगळेच बरे आहेत.

तुझ्या कागदावर एक प्रश्न होता: "हात धुतल्यानंतर नाकाला, तोंडाला किंवा केसांना हात लागला होता का?" मी "नाही" म्हणालो. हा प्रश्न तू खानावळीच्या आचाऱ्याला विचारावास. सोवळ्यात असलेला माणूस कशालाच शिवत नाही. ते उत्तर ठळक अक्षरांत लिहून घ्यावेस, एवढ्यासाठी हे पत्र.

अण्णा


मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

चि. तेजस्वीस,

उत्तर आले नाही. अपेक्षाही नव्हती. पण इथे जे घडले ते तुला कळायला हवे, कारण ते तुमच्या कागदांमुळे घडले.

तुमच्या संस्थेकडून तिघांचे प्राथमिक अहवाल वेगवेगळ्या लिफाफ्यांत आले. बायजाच्या अहवालात काही नव्हते. शकूला इंग्रजी येत नाही. माझ्याकडे यायचे, तर ती गेली बाबाजीशेटकडे, कारण तिचा सुका बोंबील त्यांच्याच लॉजमध्ये जातो आणि तिला तो माणूस जवळचा वाटतो. त्यांनी लिफाफा फोडला आणि मोठ्याने वाचले की हिच्या नाकात तो जंतू सापडला आहे, जो शिऱ्यात सापडला. स्टॅफिलोकोकस ऑरियस. हे नाव आता गावातल्या पोरांना पाठ आहे. ते शकूच्या मागून ओरडतात.

बाबाजीशेट सभ्य गृहस्थ आहेत. परंतु नातू त्यांच्या मांडीवर निपचित पडला होता, ते दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यांचे म्हणणे असे, की उरलेली मूद सुनेने कढईत चांगली तापवून मुलाला दिली होती. शिळेपणाचा दोष असता तर अग्नीने जळून गेला असता, ज्या अर्थी जळला नाही त्या अर्थी तो स्पर्शाचा दोष आहे. मासळीचा हात. हे ऐकून मी गप्प राहिलो, कारण अग्नी सर्व शुद्ध करतो हेच मीही आयुष्यभर सांगत आलो आहे, आणि तापवलेल्या मुदीने मूल कसे आजारी पडले याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

शकूला देवळाची पायरी बंद झाली आहे. कुणी तसे फर्मान काढले नाही. ती आली की बायका उठून जातात, एवढेच. लॉजवाल्यांनी तिचे बोंबील घेणे थांबवले आहे. परवा ती रस्त्यापलीकडे उभी राहून आरती ऐकत होती. मी कर्पूरारती घेऊन बाहेर गेलो, तर म्हणाली, "नको काका. माझ्या नाकातला जंतू तुमच्या निरांजनात उडी मारंल." आणि हसली.

तू एवढे शिकलीस, तर मला सांग. एखाद्याच्या नाकात जंतू असणे हा अपराध कसा? ती तर धडधाकट आहे. जो स्वतः आजारी नाही, तो दुसऱ्याला आजार कसा देतो? मी रोज पोथ्या चाळतो आहे. शौचाचे, अन्नाचे, स्पर्शाचे सगळे नियम मला मुखोद्गत आहेत आणि यातला एकही नियम या ठिकाणी बसत नाही.

माझा अहवालही आला आहे. त्याविषयी सवडीने लिहीन.

अण्णा


मार्गशीर्ष वद्य तृतीया

चि. तेजस्वी,

तुझे पत्र मिळाले. टंकलेखित आहे, मायना कोरडा आहे, पण चार पाने आहेत. चार पाने लिहिणारी व्यक्ती पूर्णपणे रागावलेली नसते, असा अर्थ मी काढला आहे. चुकत असेन तर कळव.

तापवण्याविषयी तू लिहिलेस ते मी तीनदा वाचले. जंतू उबेत तासन्‌तास वाढतो, वाढताना अन्नात विष सोडतो. मग आच दिली तर जंतू मरतो, विष मात्र तसेच राहते. म्हणजे करणारा नाहीसा होतो आणि केलेले भोगावे लागते. हे मला कुणी प्रयोगशाळेतून शिकवील असे वाटले नव्हते. यावर तर मी चातुर्मासभर प्रवचने केली आहेत.

निरोगी माणसांपैकी पुष्कळांच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, हेही वाचले. त्याच्या सोनेरी रंगावरून हे नाव पडले, हे वाचून मात्र विचित्र वाटले.

परंतु खरी गोष्ट तुझ्या तिसऱ्या पानावर होती. नाव एक असले तरी जंतू एक नसतो. म्हणून तुम्ही आता त्या प्रत्येकाची संपूर्ण जनुकीय अक्षरे वाचून एकमेकांशी ताडून पाहता आहात, आणि त्याला वेळ लागेल. तू हे सोपे करण्यासाठी पुष्कळ उपमा दिल्यास. त्यांची गरज नव्हती, बाळ. पोथ्यांचे आम्ही हेच करतो. एकाच ग्रंथाच्या दहा नकला निघतात. नकलणारा कुठे अक्षर गाळतो, कुठे ओळ दोनदा लिहितो. पुढचा नकलणारा ती चूक जशीच्या तशी उतरवतो. दोन पोथ्यांत त्याच जागी तीच चूक सापडली, की त्या एका घरातल्या, एवढे निश्चित समजावे. तुझ्या लहानपणी माझ्या मांडीला मांडी लावून तू पाठभेद जुळवायचीस. "अण्णा, इथेही तोच घोळ," असे म्हणून टाळ्या पिटायचीस. तू तेच काम करतेस, हे मला आज समजले. मी आजवर समजत होतो की तू ते सोडून गेलीस.

आता मागच्या पत्रात जे लिहिले नाही ते. माझ्या अहवालातही तेच सोनेरी नाव आहे. नाकातही आणि तळहातावरही. शकूचा कागद गावभर वाचला जात होता तेव्हा माझा कागद पूजेच्या पेटीत घडी घालून ठेवलेला होता. मी स्वतःची समजूत घातली, की तो काही निर्णायक नाही. तसा तो नाहीच, हे आता तूच लिहिले आहेस. तरीही.

आणि दुसरे. ते कसे लिहावे कळत नाही. आज सकाळी संध्येला बसलो. आचमन केले. प्राणायामासाठी उजवा हात उचलला, अंगठ्याने एक नाकपुडी मिटली, बोटांनी दुसरी, आणि तसाच बसून राहिलो. श्वास सोडायचे भान उरले नाही.

पौर्णिमेला मी स्नान करून सोवळे नेसून परातीपुढे बसलो. देवाच्या कोणत्याही कार्यापूर्वी संकल्प, आणि संकल्पापूर्वी प्राणायाम. तो मी केला. विधिपूर्वक, पुन्हापुन्हा. नंतर त्याच हाताने मुदी वळल्या.

तुझ्या प्रश्नाला मी "नाही" म्हणालो तेव्हा खोटे बोललो नाही. नाकाला हात लावणे आणि प्राणायाम करणे या माझ्या दृष्टीने एक गोष्ट नव्हती. अजूनही मनातून ती एक होत नाही. ज्या क्रियेने मी स्वतःला शुद्ध केले तिनेच हात... हे वाक्य मला पुरे करता येत नाही.

ते उत्तर दुरुस्त करून घे.

अण्णा


पौष शुद्ध द्वादशी

चि. तेजस्वी, अनेक उत्तम आशीर्वाद.

लिफाफा मिळाला. त्यावर फक्त माझे नाव होते. तो मी उघडण्यापूर्वी बराच वेळ हातात धरून बसलो, आत काय असेल या भीतीने नव्हे. तळीच्या वेळी तू विश्वस्तांना लिहिलेस आणि या वेळी मला, हा फरक मी पाहत होतो.

शिऱ्यातला जंतू आणि माझ्या नाकातला जंतू अक्षरशः एक. शकूच्या नाकातला वेगळ्या घराण्यातला. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस, की तपासलेल्या व्यक्तीचे नाव संस्था जाहीर करत नाही, विश्वस्तांना "प्रसाद हाताळणारी एक व्यक्ती" एवढेच कळवले जाईल, पुढे काय करायचे ते माझे मी ठरवावे. खाली शाईने लिहिलेस, "अण्णा, यात तुमचा दोष नाही." तुझे अक्षर बदललेले नाही.

दोष नाही हे मला पटते आणि पटत नाही. मी इतक्या वर्षांत अनेकांना प्रायश्चित्ते सांगितली. ज्या कर्मात हेतू शुद्ध, विधी शुद्ध, आणि फळ मात्र गावभर ओकाऱ्या, त्याला काय सांगावे? शिवाय "एक व्यक्ती" म्हटल्यावर गाव कुणाकडे बोट दाखवणार, हे सांगायला ज्योतिष नको.

म्हणून काल शकूकडे गेलो. ती समुद्राकडच्या वाळवणीवर बांबूंवर बोंबील अडकवत होती.

"लांब उभं ऱ्हावा काका," ती म्हणाली. "वास लागंल सोवळ्याला."

मी जवळ गेलो आणि सगळे सांगितले. पोथ्यांची उपमा सांगितली नाही. म्हणालो, एकाच नावाच्या दोन माणसांत चोर एक असतो, तसे हे. तिने ऐकून घेतले. हात थांबवले नाहीत.

"म्हंजे चोर तुमच्या घरी व्हता."

"होय."

"आनि बोंब माझ्या दारात." तिने एक बोंबील बांबूवर टाकला. "मंग आता कसं करताय?"

रथसप्तमीला सर्वांसमक्ष सांगेन, असे मी म्हणालो. मला वाटले रागावेल, किंवा डोळे पुसेल. ती म्हणाली, "सांगा. पन लोकांना पटाय पायजे ना काका. मना बाकी काय नको. पायरीवर बसून आरती ऐकाय मिळू दे, आनि बोंबील त्या लॉजवाल्यांच्या ताटात जाऊ दे."

पटायला पाहिजे, असे ती का म्हणाली हे मला कळले नाही. मी स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर कोण अविश्वास दाखवील?

तू सांगितल्याप्रमाणे मुरूडच्या डॉक्टरांकडून नाकात लावायचे मलम आणले आहे. संध्या झाल्यावर लावतो. आधी लावावे की नंतर, यावर कुठेच वचन नाही.

अण्णा


माघ शुद्ध अष्टमी

माझी तेजस्वी,

काल रथसप्तमी झाली. मुदी वळायला मी बसलो नाही. बायजाला वाटीने पाडायला सांगितले. लोकांत कुजबुज झाली. आरतीनंतर मी सभामंडपात उभा राहिलो. शकू रस्त्यापलीकडे होती. विनेशने तिला फाटकापर्यंत आणले होते.

मी फार शब्द वापरले नाहीत. म्हणालो, "त्रिपुरीच्या दिवशी प्रसादात जे विष झाले, ते माझ्या हाताने गेले. तपासात सिद्ध झाले आहे. शकूचा त्यात काहीही संबंध नाही."

बाबाजीशेट उठले. मला वाटले, जाब विचारतील, आणि त्यासाठी मी मनाची सिद्धता केली होती. ते पुढे आले आणि त्यांनी माझे पाय धरले.

"अण्णा," ते म्हणाले, "दुसऱ्याचं पाप असं अंगावर घ्यायला संताचंच काळीज लागतं."

मी म्हणालो, असे नाही, हे खरे आहे. ते डोळे पुसत म्हणाले, तुमच्यासारख्यांच्या तोंडी हेच शोभते. मागून कुणीतरी जयजयकार केला. मी अहवालाचा कागद बाहेर काढला. तो इंग्रजीत, आकड्यांनी भरलेला. एका शिकलेल्या तरुणाने चाळला आणि म्हणाला, यात तर नाव कुणाचेच नाही, फक्त क्रमांक आहे. तो क्रमांक माझा, असे मी म्हणालो. त्याने कागद माझ्या हाती आदराने परत दिला. बायका एकेक करून माझ्या पाया पडल्या. बायजाने पाडलेली मूद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अण्णा, एकदा हात लावा हिला, म्हणजे प्रसाद होईल.

तेजस्वी, मी आयुष्यात कधी एवढा गोंधळलो नव्हतो. मी जितके अधिक खरे बोललो तितका मी त्यांच्या दृष्टीने अधिक थोर झालो आणि शकू तितकी अधिक अपराधी. माझे सोवळे माझ्या शब्दापेक्षा मोठे निघाले. ते मीच इतकी वर्षे वाढवले, मग तक्रार कुणाकडे करू?

त्यांनी पुढे केलेल्या मुदींपैकी एकीलाही मी हात लावला नाही. फाटकाकडे पाहिले तर शकू परत निघाली होती. मी तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो. ती वळून म्हणाली, "सांगितलं व्हतं ना काका. तुमी स्वतःला चोर म्हनलं तरी लोक तुमाला देवच म्हननार." आणि पुढे म्हणाली, "तुमची पोर सांगंल तर ऐकतील. तिनं तळीचं सांगितलं तवा सगल्यांनी शिव्या घातल्या, पन पानी कोन पिलं का त्याच्यानंतर?"

कुणीच प्याले नाही. जाळी आजही आहे. मी रात्रंदिवस ती जाळी पाहत आलो, आणि ही गोष्ट मला शकूने सांगावी लागली.

तेव्हा हे पत्र तुला मुलगी म्हणून आहे आणि तुझ्या संस्थेलाही आहे. मी, खाली सही करणारा, माझ्या पूर्ण शुद्धीत अनुमती देतो की माझ्या तपासणीचा संपूर्ण अहवाल माझ्या नावासकट देवस्थानच्या विश्वस्तांना द्यावा, आणि तो मराठीत वाचून दाखवावा. तळीच्या वेळी तू जे केलेस, तेच आता माझ्या बाबतीत कर. तेव्हा मला ते पाठीतल्या सुऱ्यासारखे वाटले होते. आता तोच एक मार्ग दिसतो. सभामंडपात उभी राहून सगळ्यांना सांग: शिऱ्यातला जंतू माझ्या वडिलांच्या नाकातला होता. "वडील" म्हण. "सदर व्यक्ती" म्हणू नकोस. तुझे बोलणे ते पुण्य म्हणून ऐकणार नाहीत, आणि नेमके तेच हवे आहे.

माघी पौर्णिमेला सगळे गाव देवळात असते. शकूला मी सांगितले आहे, की त्या दिवशी तिने फाटकाबाहेर थांबायचे नाही. ती म्हणाली, "तुमची पोर आली तर येते." म्हणजे आता दोन माणसे तुझी वाट पाहत आहेत.

मलमाची नळी संपली आहे. गुण आला की नाही हे तुलाच ठरवावे लागेल, म्हणून येताना कापसाची काडी घेऊन ये. जीपने आलीस तरी चालेल, पूर्ण नाव विचारलेस तरी मी सांगेन. फक्त पायरीवरून परत जाऊ नकोस.

साबण विहिरीच्या कठड्यावर ठेवला आहे.

तुझा,
अण्णा